सायकल दिली, आता ट्रॅक द्या

मराठवाड्यात आठवीत गेलेल्या मुलीला सरकार सायकल देतं. मानव विकास कार्यक्रमातली ही योजना आता इतकी जुनी झाली आहे की तिचं कोणाला कौतुकही राहिलेलं नाही आणि तिच्यावर कोणी टीकाही करत नाही. राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत ती चालते, त्यात आपल्याकडचे बरेच. शाळा पाच किलोमीटरच्या आत आणि मुलगी आठवी ते बारावीत असली की सायकल, लांबच्या मुलींसाठी निळी एसटी. या सगळ्या कारभाराचं आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरात आहे, म्हणजे आपल्याच दारात. वर्षानुवर्षं हजारो मुलींना सीटवर बसवणारी ही यंत्रणा. पण त्या हजारोंमध्ये पायांत बळ असलेली, वाऱ्यासारखी सुटणारी पोरगी कोणती, हे बघावं असं त्यातल्या एकाही साहेबाला वाटलेलं दिसत नाही.

मला वाटतं ते बघायला हवं. त्यासाठी मराठवाड्यात एक वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा उतरता लंबगोल ट्रॅक बांधायला हवा आणि तो परभणीला बांधायला हवा. हे ऐकून हसू येणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

आधी शर्यतीबद्दल, कारण आपल्याकडे ती फार थोड्यांनी पाहिली असेल. ट्रॅक सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत केरिन नावाचा एक प्रकार असतो. अंतिम फेरीत सहा जणी. कोणी कोणाच्या मागे उभं राहायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्यांच्या पुढे एक छोटी मोटारसायकल धावते आणि तिच्या मागे या सहा जणी ओळ धरून चालतात. 250 मीटरच्या ट्रॅकच्या सहा फेऱ्या, म्हणजे दीड किलोमीटर. पहिल्या तीन फेऱ्या ती मोटारसायकल वेग चढवत नेते, ताशी तीसपासून पन्नासपर्यंत. तोवर जी तिच्या पुढे जाईल ती बाद. तीन फेऱ्या उरल्या की मोटारसायकल ट्रॅकवरून बाजूला होते आणि मग खरी मारामारी सुरू होते. पहिली आहे तिने तेव्हाच जोर लावला तर वारा एकटीने कापावा लागतो, शेवटच्या फेरीत पाय जड होतात. शेवटची आहे तिला पुढच्या पाच जणींना वरच्या बाजूने वळसा घालून जावं लागतं, म्हणजे अंतरही जास्त आणि चढही जास्त. दुसरी-तिसरी फायद्यात, पण तीही आत कोंडली गेली तर हात चोळत बसते. खांद्याला खांदा घासतो. या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवायची सोयच नाही. वळणावर ट्रॅक चाळीस-पंचेचाळीस अंशांनी कललेला असतो. तिथे घाबरून वेग कमी करणारी घसरून खाली येते, वेगात राहणारी भिंतीला चिकटल्यासारखी वर टिकते. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये या बायका काय वेगाने जातात, त्याचा अंदाज हवा असेल तर पॅरिस ऑलिंपिकचा एक आकडा पुरे: जर्मनीच्या लिआ सोफी फ्रीडरिशने पात्रता फेरीत 200 मीटर 10.029 सेकंदांत मारले. ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. आपल्याकडे नांदेड रोडला एवढ्या वेगाने जाणाऱ्या जीपवाल्याला लोक शिव्या घालतात.

महिलांची केरिन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आली 2002 मध्ये. पुरुषांची 1980 पासूनच होती. ऑलिंपिकमध्ये पुरुष 2000 ला सिडनीत, बायका बारा वर्षांनी लंडनमध्ये. हा उशीर आपल्याला नवा नाही, कुठल्याही खेळाचा इतिहास काढा, तोच क्रम सापडेल. मला जास्त बोलकी वाटते ती जपानची गोष्ट, कारण हा खेळच जपानचा.

कोकुरा या शहराचं नाव आपण अणुबॉम्बच्या संदर्भात कधीतरी वाचलेलं असतं. 9 ऑगस्ट 1945 ला दुसरा बॉम्ब पडायचा होता तो कोकुरावर. आकाश झाकोळलेलं होतं म्हणून विमान पुढे गेलं आणि नागासाकी जळालं. त्याच कोकुरात 20 नोव्हेंबर 1948 ला पहिली केरिन झाली. देश बेचिराख, तिजोरी रिकामी. नगरपालिकांनी सायकलच्या शर्यती लावायच्या, लोकांनी तिकीट काढून पैसे लावायचे, फायदा पुनर्बांधणीला, असा तो कायदेशीर सट्टा. सट्ट्याचा भाग आपण सोडून देऊ, आपल्याकडे मटका काही कमी नाही. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे की ज्यांच्याकडे खायचे वांधे होते त्यांनी 'आधी रस्ते, मग खेळ' असा हिशेब मांडला नाही. सुरुवातीला बायकांच्या शर्यतीही होत होत्या. पुढे गर्दी आटली म्हणून 1964 ला त्या बंद केल्या. पुन्हा सुरू व्हायला 2012 उजाडलं. मधल्या 48 वर्षांत तिथे वेगवान मुली जन्मालाच आल्या नाहीत काय? आल्या असणारच, पण धावायला जागा नव्हती. जागा मिळाल्यावर बारा वर्षांनी, 2024 मध्ये, डेन्मार्कच्या बालेरुपला मिना सातो केरिनची जगज्जेती झाली. या प्रकारात जगज्जेती झालेली पहिली जपानी बाई. ज्या देशाने हा खेळ काढला, त्याच्या मुलींना जागतिक सुवर्ण मिळायला एवढी वर्षं लागली, कारण मधली वर्षं दारच बंद होतं.

आता आपल्याकडचं दार बघा.

दिलेल्या सायकलीचं होतं काय? पहिलं वर्ष ती चकाचक असते, हँडलला प्लास्टिकच्या झिरमिळ्या, पुढे बास्केट. दुसऱ्या वर्षी कॅरेजला दुधाची कॅन लागते आणि सकाळी बाप ती डेअरीला घेऊन जातो, मुलगी सात वाजता मागते तेव्हा सायकल घरी नसते. चेन उतरू लागते, बॉटम ब्रॅकेट खडखड करतं. बारावीपर्यंत ती सायकल घरची झालेली असते. आणि पुष्कळ घरांत बारावी येतच नाही, कारण त्याच्या आत लग्न येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वयोगटातल्या 48 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याची सरासरी बावीसच्या आसपास. बीडही फार मागे नाही. मुलगी सासरी जाते, सायकल माहेरीच राहते, भावाला होते.

ट्रॅकचा विचार मी इथूनच करतो. स्प्रिंट, म्हणजे छोट्या पल्ल्याची वेगाची शर्यत, आणि केरिन हे पोरसवदा वयात संपणारे खेळ नाहीत. जिम्नॅस्टिक्ससारखी सहाव्या वर्षी सुरुवात लागत नाही. लंडनला केरिनचं सुवर्ण जिंकली तेव्हा व्हिक्टोरिया पेंडलटन एकतीस वर्षांची होती. टोकियोत जिंकणारी नेदरलँड्सची शाने ब्रास्पेनिन्क्स तीस वर्षांची, आणि 2015 मध्ये तिला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता. म्हणजे आपल्याकडे जिच्या पदरात दोन-तीन लेकरं असतील आणि जिला लोक 'आता काय राहिलं' म्हणत असतील, त्या वयात या बायका जगात पहिल्या येतात. सोळाव्या वर्षी जिच्या हातात असा खेळ, वसतिगृहातली खोली आणि पुढे रेल्वेत किंवा पोलिसात नोकरीची शक्यता असेल, तिच्या बापाला 'स्थळ चांगलं आहे' हे वाक्य थोडं उशिरा ऐकू येतं. कायद्याने न थांबलेली लग्नं खेळाने सगळीच थांबतील असा दावा मी करत नाही. पण धाराशिवकडे खो-खोने किती मुलींची लग्नं लांबवली ते तिथल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारून पाहा. सारिका काळे तिथलीच, भारताची कर्णधार, 2020 ची अर्जुन पुरस्कार विजेती. तिच्यानंतर तिथल्या मुलींना मैदानात उतरण्यासाठी घरी फारसं भांडावं लागलं नसेल.

कपड्यांचा प्रश्नही याच ओघात निकाली काढू. केरिनच्या मुली अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतात आणि गावात त्यावर कुजबुज होणार. खो-खो आणि कबड्डीच्या मुली अर्ध्या चड्डीत खेळू लागल्या तेव्हाही झाली होती. मेडल आल्यावर त्याच लोकांनी बॅनर लावले, त्यावर आधी स्वतःचे फोटो.

मुख्य आक्षेप अर्थातच पाण्याचा. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या भागात वेलोड्रोम म्हणजे चैन, असं म्हणणारे भेटतील. त्यांना माझं उत्तर असं की पाण्याचा पैसा क्रीडा खात्यातून येत नाही आणि क्रीडा खात्याचा पैसा वाचवल्याने पाणी येत नाही. तो पैसा खर्च होतोच. कुठे होतो ते तालुका क्रीडा संकुलांत जाऊन पाहा. कुंपण, कमान, कमानीवर नाव, आत गाजरगवत आणि गेटला कुलूप. किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला दिवस जातो. अशी आणखी चार संकुलं बांधण्यापेक्षा एक ट्रॅक बांधा, असं म्हणणं आहे. आणि गर्दी जमणार नाही अशी भीती असेल तर शंकरपटाला जाऊन या. 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरल्यापासून बैलांच्या शर्यतींना रान मोकळं झालं आहे, बक्षिसाला मोटारसायकली लागतात, वर्गणी गावातूनच होते. शर्यत बघायची हौस आणि तिच्यावर पैसा सोडायची दानत आपल्याकडे भरपूर आहे. ती बैलांपुरती का असावी?

वेलोड्रोम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम येतं. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला, छताखालचा लाकडी ट्रॅक. तसला आपण मागतच नाही. उघड्यावरचा सिमेंटचा ट्रॅक चालतो. जर्मनीतल्या कोटबुसचा ट्रॅक सिमेंटचा आहे आणि जगज्जेत्या तिथे सराव करत आल्या आहेत. भारतातही बहुतेक ट्रॅक सिमेंटचेच. लुधियानाचा तर चक्क पंजाब कृषी विद्यापीठाच्या आवारात आहे.

आणि म्हणून परभणी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तिथे आहे, जमीन आहे, वसतिगृहं आहेत. रेल्वे चारी बाजूंनी येते: मनमाड, नांदेड, परळी, पूर्णेवरून हिंगोली. नांदेडच्या किंवा जालन्याच्या मुलीला सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येईल असं मराठवाड्यातलं दुसरं गाव मला तरी सुचत नाही. संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, विद्यापीठाच्या आवारात, तेव्हा ट्रॅकही तिथेच व्हावा असं काही जण म्हणतील. पण संभाजीनगरला जे जातं ते संभाजीनगरचंच होतं, हा आपल्या बाकीच्या सात जिल्ह्यांचा अनुभव. आणि संभाजीनगरलाही राज्याच्या क्रीडा विद्यापीठाचा अनुभव आहेच: शहराजवळच्या करोडीला होणार म्हणून गाजावाजा झाला आणि 2020 ला कायदा झाला तो पुण्याच्या नावाने. पुण्याच्या बालेवाडीत सगळं आहे, वेलोड्रोमही आहे. आपल्या मुलीने बालेवाडीला जावं असं म्हणणाऱ्यांनी पाथरी तालुक्यातल्या एखाद्या बापाला तसं सांगून बघावं.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आपली जुनी बढाई. योगायोग असा की महिला केरिनमध्ये जर्मनी खरोखरच जगात आहे. क्रिस्टिना फोगेल, एमा हिन्झं, फ्रीडरिश, तिघी जर्मन आणि तिघी केरिनच्या जगज्जेत्या. म्हणीचा दुसरा अर्धा भाग अजून सिद्ध व्हायचा आहे.

फोगेलचं नाव घेतलं की तिचा अपघातही सांगायला हवा, लपवण्यात अर्थ नाही. जून 2018 मध्ये त्याच कोटबुसच्या ट्रॅकवर सराव करताना ती दुसऱ्या सायकलपटूवर आदळली आणि छातीखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपली मीनाक्षी पडली आणि मागून येणारी सायकल तिच्या अंगावरून गेली. खेळ धोक्याचा आहे. पण आज मराठवाड्यात सायकलिंग करणाऱ्या ज्या काही मुली आहेत त्या सराव करतात कुठे? हायवेवर. पहाटे पाचला, वाळूच्या हायवा ट्रकांच्या बाजूने. दिवाळीनंतर तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, रेडियम नाही, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरने टेप इतका मोठा लावलेला की हॉर्न ऐकू जायचा प्रश्नच नाही. अशा ट्रॉलीच्या शेजारून सायकल काढणाऱ्या मुलीला 'ट्रॅक धोकादायक असतो' हे कोणी सांगावं? ट्रॅकवर निदान सगळे एकाच दिशेने जातात.

ट्रॅक झाला तरी मुली कुठून आणायच्या, हा प्रश्न उरतो. इथे मला कॅनडाचा मार्ग पटतो. केल्सी मिचेल फुटबॉल खेळायची, ट्रॅकच्या सायकलवर कधी बसलेलीच नव्हती. 2017 मध्ये खेळाडू शोधायच्या एका जाहीर चाचणीत तिच्या पायांतली ताकद मोजली गेली आणि 2021 ला टोकियोत ती स्प्रिंटचं सुवर्ण घेऊन आली. जपानच्या केरिन शाळेतही सायकलचा गंध नसलेल्या, पण पाठीत आणि पायांत ताकद असलेल्या मुलामुलींना वेगळ्या परीक्षेतून घेतात. आपल्याला त्यासाठी लागतं काय? ताकद मोजणारी एक जागेवरची सायकल, ती वाहून नेणारी जीप, दोन माणसं. झेडपीच्या शाळेत जायचं, मुलीने सहा सेकंद जीव खाऊन पायडल मारायचं, आकडा लिहून घ्यायचा. भिंतीला खडूने खूण करून उडी मोजायची. पहिली चाचणी खो-खोच्या मुलींची घ्यावी. बसल्या जागेवरून झटक्यात सुटायचं बाळकडू त्यांना मिळालेलंच आहे.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर अंदमान बघा. तिथली लोकसंख्या आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढीही नाही. सुनामीतून वाचलेली सायकलपटू डेबोरा हेरॉल्ड तिथली, आणि एसो अल्बेनही तिथलाच. त्याने 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या एगलला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं, ते केरिनमध्येच. पुढच्याच वर्षी आपल्या मुलांच्या ज्युनिअर संघाने टीम स्प्रिंटचं सुवर्ण आणलं. मुलींकडे तसं पदक अजून नाही. महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे 2022 च्या राष्ट्रकुलपर्यंत पोचल्या, तिथून पुढचा जिना चढायला मागे मोठी फळी लागते. दोन-तीन मुलींवर कुठलाही देश उभा राहत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत ही शोधाशोध निदान लष्कर करतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला म्हणून स्टीपलचेसपटू, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू झाला, राष्ट्रकुलचं रौप्य आणि आशियाई सुवर्ण त्यानंतरचं. तो बारावीनंतर भरती झाला नसता तर बीड जिल्ह्यात कोणाला कळलं असतं की हा पोरगा केनियाच्या लोकांना घाम फोडू शकतो? त्याच्याच शेजारच्या गावातल्या मुलीला मात्र असं शोधणारं कोणी नाही.

काही अटी पहिल्या दिवसापासून हव्यात, मागाहून नव्हे. मुलींच्या तुकडीला प्रशिक्षक बाईच असली पाहिजे. 2022 मध्ये स्लोव्हेनियातल्या शिबिरातून एका भारतीय सायकलपटूने मुख्य प्रशिक्षकाच्या वागणुकीची तक्रार केली, साईने तिला परत आणलं आणि त्याचा करार संपवला. ती परदेशात होती, मोठ्या संघात होती, तिचं ऐकलं गेलं. पूर्णा तालुक्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकेल? बाहेर बोभाटा होईल म्हणून घरचेच तिला परत आणतील, आणि नंतर त्या गावातली एकही मुलगी ट्रॅकवर येणार नाही. दुसरी अट प्रमाणपत्रांची. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि ट्रॅम्पोलिन या उड्यांच्या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण आपल्याच भागात गाजलं. कमी माहितीचा खेळ दिसला की काही लोकांना त्यात दुकान दिसतं. प्रत्येक शर्यतीचे निकाल आणि वेळा त्याच दिवशी जाहीर झाल्या तर दुकान चालणं अवघड जाईल, अगदी बंद होईल असं म्हणत नाही.

राहिली तारीख. चाचण्या दसऱ्याच्या आत झाल्या पाहिजेत. आपल्या क्रीडा खात्याला शिबिरं फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवतात, निधी परत जाऊ नये म्हणून. पण दसरा-दिवाळी झाली की मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या उचलतात, आणि बीड, परभणी, जालन्याच्या कितीतरी शाळांत आठवी-नववीच्या वर्गातल्या मुली आईबापाबरोबर कारखान्याच्या फडावर जातात, लहान भावंडं सांभाळायला आणि भाकरी थापायला. मार्चमध्ये जीप शाळेत पोचेल तेव्हा ज्यांच्या पायांत सगळ्यात जास्त ताकद आहे, त्यातल्या बऱ्याच जणी हजेरीपटावर असतील आणि वर्गात नसतील. सप्टेंबर हा त्यासाठी बरा महिना आहे. पेरणी आटोपलेली असते, काढणी लागायची असते, आणि बाप घरी सापडतो.